मजुरी आणि माध्यमिक शिक्षण

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात सोयाबीनची सोंगणी आणि कपाशीची वेचणी आली की नववी-दहावीच्या विद्यार्थ्यापुढे वर्ग की वावर असा पेच उभा राहतो. जो वावरात जातो त्याला बेजबाबदार ठरविणे सोपे, परंतु अन्यायाचे आहे.

२००९ च्या कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षापर्यंतच आहे. बालमजुरी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने त्याच वयापासून बिगरधोक्याच्या कामाची मुभा दिली. म्हणजे शालान्त परीक्षा जवळ येताच आधार सुटतो आणि मजुरीचे दार उघडते. सायंकाळी ७ ते सकाळी ८ काम देण्यास मनाई आहे. शाळा ११ ते ५ धरली, तर कामाला उरतात अवघे पाच तास; शेतमजुरी तर दिवसाच्या हिशेबाने मिळते. तेव्हा बुडते ती शाळाच.

१९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ या मार्गात श्रम शिक्षणाच्या सोयीने आखले. आज शिक्षणच श्रमाच्या सोयीने वाकत आहे. शिष्यवृत्ती हंगामापूर्वी हाती पडावी, बुडालेले पाठ दिवाळीनंतर पुन्हा शिकवावेत. एवढे केल्याविना त्या मुलांना शिस्तीचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.