भोंड वयाने येत नाही

घरातल्या बुढीने उठताना भिंतीला हात टेकला, की वऱ्हाडात तिच्याआधी आजूबाजूचेच बोलतात : "वय झालं न आता, भोंड तं येईनच." दर्यापूर-अकोटच्या ओसरीवर हे ऐकू येतं, अकोल्या-अमरावतीच्या फ्लॅटमध्ये ऐकू येतं आणि दवाखान्यातही कधीकधी हेच उत्तर मिळतं. म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, पण म्हणणं चूक आहे. या एका वाक्यामुळे भोंडीची, म्हणजे चक्करेची, तपासणी होत नाही आणि पुढे खुबा मोडला की माणूस कायमचा खाटेला लागतो.

या मताच्या बाजूने जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करू. वय वाढलं की आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मंदावते, नजर कमी होते, तळपायांना जमिनीची जाणीव पूर्वीसारखी राहत नाही. पण अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ वर्षं आणि त्याहून मोठ्या, आपापल्या घरी राहणाऱ्या १०८७ माणसांना तपासलं होतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चक्करेची तक्रार २६१ जणांची, म्हणजे २४ टक्क्यांची होती. उरलेले तीन चतुर्थांश लोकही त्याच वयाचे होते. वय हेच कारण असतं तर ते कसे सुटले? ज्यांना चक्कर येत होती त्यांच्यात सात गोष्टी ठळकपणे आढळल्या : उभं राहिल्यावर रक्तदाब उतरणं, पाच किंवा अधिक औषधं चालू असणं, ऐकू कमी येणं, तोल बिघडलेला असणं, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणं, चिंता आणि उदासी. एकाच माणसात यांतल्या जितक्या जास्त, तितकी चक्करेची शक्यता जास्त. जुना झटका सोडला तर या यादीतल्या बहुतेक गोष्टींवर काही ना काही करता येतं.

दुसरा लाडका निष्कर्ष म्हणजे "मणक्यात गॅप आहे". मानेचा एक्स-रे काढायचा, त्यात झीज दाखवायची, गळ्यात पट्टा बांधायचा. साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेत झीज दिसते, चक्कर असो वा नसो. मग त्या चित्राने सिद्ध काय झालं? लोक सांगतात, "वर फडताळाकडे पाहिलं की गरगरतं, म्हणजे मानच." पण हीच माणसं असंही सांगतात, की रात्री पलंगावर कूस बदलली की खोली फिरते. कूस बदलताना मान अंगासोबतच वळते, तिला पीळ पडत नाही. दोन्ही वेळा हललं ते डोकं, आणि डोक्यात तोलाचं इंद्रिय आहे आतला कान. तिथले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोकं हलवल्यावर काही सेकंद, फार तर मिनिटभर, सगळं गरगरतं. डिक्स आणि हॉलपाइक यांनी याची तपासणी १९५२ साली सविस्तर लिहून ठेवली. रुग्णाचं डोकं ४५ अंश वळवून त्याला झटकन मागे निजवायचं आणि डोळे पाहायचे. एपली यांनी १९९२ साली उपचार प्रसिद्ध केला, ज्यात डोकं ठरलेल्या क्रमाने वळवून ते कण परत जागी पोचवतात. शिकलेल्या हाताला दहा मिनिटंही लागत नाहीत, गोळी लागत नाही, आणि बहुसंख्य रुग्णांना एक-दोन वेळांत आराम पडतो. हे दुखणं असलेली बाई वर्षभर गळ्याला पट्टा बांधून बसते, तेव्हा मला संताप येतो.

पट्ट्यासोबत गोळीही येते. सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही औषधं तीव्र चक्करेत चार दिवस द्यायला योग्य आहेत. पण आपल्याकडे ती महिनोन्महिने चालतात, चिठ्ठी जुनी झाली तरी मेडिकलवाला देतो. बिघडलेल्या तोलाची सवय करून घेण्याचं काम मेंदू स्वतः करत असतो. ही औषधं लांबली की ते काम रखडतं. म्हाताऱ्या माणसात ती दीर्घकाळ दिली तर हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं अशी कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. मग कुणीतरी कंपवाताचं औषध सुरू करतं, आणि त्या औषधाने उभं राहताना रक्तदाब आणखी उतरू शकतो. चक्करेसाठी घेतलेल्या गोळीने चक्कर वाढवण्यापर्यंत गोष्ट पोचते.

चक्कर पित्ताने किंवा अशक्तपणाने येते, असंही लोक म्हणतात आणि सलाईन लावून घेतात; त्याबद्दल थोडक्यातच सांगतो. मे महिन्यात शेतातून आलेल्या, खरोखर पाणी आटलेल्या माणसाला सलाईन जीवदान देते. पण दर पंधरा दिवसांनी "ताकदीसाठी" सलाईन लावून घेणं हा उपचार नव्हे, आणि ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे त्याला तर ते धोक्याचं आहे.

आता मंडनाकडे येतो. मला ठामपणे सांगायचं आहे ते एवढंच, की घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या चक्करेचा शोध महागड्या यंत्रापासून नव्हे, तर त्याला उभं करून रक्तदाब मोजण्यापासून सुरू झाला पाहिजे. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर दोष हाती लागला. आपल्याकडे बीपी खुर्चीवर बसवूनच मोजतात; बसलेल्या माणसात हा दोष लपून राहतो.

वऱ्हाडात तर हे मोजणं दुप्पट गरजेचं आहे. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांतही म्हातारी माणसं पाणी बेताने पितात, कारण रात्री लघवीला उठावं लागतं आणि संडास अंगणापलीकडे असतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत विहिरीचं पाणीच तोंडात धरवत नाही, तिथे गोड पाणी जपूनच वापरावं लागतं. त्यात बीपीसाठी लघवीची गोळी चालू, प्रोस्टेटसाठी रात्रीची गोळी चालू, वर झोपेची अर्धी. रात्री दोन वाजता हा माणूस अंधारात झटक्याने उठतो आणि कूलरखालच्या ओल्या फरशीवर पडतो. सकाळी सगळे म्हणतात, पाय घसरला. आणि मधुमेहाची गोळी घेऊन एकादशी किंवा चतुर्थी धरणाऱ्या आईची भोंड पुष्कळदा साखर उतरल्याची असते. ग्लुकोमीटर घरात असेल तर त्याच क्षणी पाहा.

यावर आक्षेप येतो : "बीपीची गोळी कमी केली आणि लकवा मारला तर?" आक्षेप रास्त आहे. गोळी स्वतःहून बंद करा असं मी म्हणतच नाही. म्हणतो ते एवढंच, की घरातली सगळी औषधं, वैद्यांच्या पुड्यांसकट, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता आणि विचारा, यातलं काय अजून लागतं, काय एकमेकांवर चढतंय, कुठल्या गोळीची वेळ बदलता येईल. हृदयाचा डॉक्टर एक, साखरेचा दुसरा, लघवीचा तिसरा. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र वाचणारा कुणीच नसतो, हे खरं दुखणं आहे.

डॉक्टर म्हणतील, ओपीडीत एवढा वेळ कुठे आहे? मग निदान प्रश्न तरी बदला. "गरगरतं की अंधारी येते?" याचं उत्तर रुग्ण थोड्या वेळाने वेगळंच देतो. त्याऐवजी कधी येते, किती वेळ टिकते, काय केल्यावर येते, हे विचारा. कूस बदलल्यावर काही सेकंद येत असेल तर कान तपासा, उभं राहिल्यावर येत असेल तर रक्तदाब. एक्स-रेची चिठ्ठी लिहिण्यापेक्षा याला फार वेळ लागत नाही.

एका बाबतीत मात्र वाट पाहायची नाही. चक्कर अचानक आली, थांबेचना, आणि सोबत जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडं झालं किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर तो मेंदूचा झटका समजा. गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडतं. धारणी किंवा तेल्हाऱ्याहून निघायचं तर त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो, तेव्हा गावातल्या सलाईनमध्ये तास घालवू नका. आणि सुरुवातीचा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून झटका नाहीच, असंही धरू नका. मेंदूच्या मागच्या भागातला झटका त्यात सुरुवातीला हमखास दिसतोच असं नाही.

एरवी "पडून राहा" हा सल्ला मी सरळ नाकारतो. एकदा पडलेल्या आईला मुलं मंदिरातही जाऊ देत नाहीत, आणि काही महिन्यांत तिच्या मांड्यांतलं बळ जातं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या मंडळींनी म्हाताऱ्यांसाठी घरच्या घरी करायचे पायांचे आणि तोलाचे व्यायाम बसवले. त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलायला जिम लागत नाही.

केंद्राचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळी ओपीडी आणि दहा खाटा ही त्यातली तरतूद आहे. राज्याची वयोश्री योजना २०२४ मध्ये आली; ६५ वर्षांवरच्या गरजूंना काठी, चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी तीन हजार रुपये मिळतात. कागदावरचं हे सगळं चांगलं आहे. अमरावतीचं इर्विन रुग्णालय, अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय आणि गावोगावची सरकारी आरोग्य मंदिरं यांच्याकडे माझी एकच मागणी आहे : चक्कर सांगणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या केसपेपरवर झोपून आणि उभं राहून, असे रक्तदाबाचे दोन्ही आकडे लिहिलेले असावेत. यंत्र टेबलावर आहेच. आणि पुण्याला, हैदराबादला नोकरी करणाऱ्या लेकांनो, लेकींनो, पुढच्या वेळी मायचा फोन आला आणि ती भोंड आल्याचं बोलली, तर वय काढू नका. केव्हा आली आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, ते विचारा.