दोषमुक्तांची नुकसानभरपाई

तळोजा मध्यवर्ती कारागृहात वकालतनामा पाठवून त्यावर अशिलाची सही आणि तुरुंगाधिकाऱ्याचा शिक्का येईपर्यंत तिष्ठत राहणे बेलापूर-पनवेलच्या वकिलांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु तोच अशील वर्षानुवर्षांनी निर्दोष सुटल्यावर त्याने सरकारकडे काय मागावे, याविषयी आपल्या व्यवसायबंधूंत जी उदासीनता दिसते ती आम्हांस क्षम्य वाटत नाही.

प्रा. जी. एन. साईबाबा यांचे प्रकरण सर्वश्रुत आहे. मे २०१४ मध्ये अटक, मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाकडून जन्मठेप, ऑक्टोबर २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाकडून मुक्तता, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून फेरसुनावणीस धाडल्यावर ५ मार्च २०२४ रोजी पुन्हा मुक्तता, आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मृत्यू! मध्यंतरी या अपंग अध्यापकाची नोकरी गेली, आणि त्यांचा एक आदिवासी सहआरोपी तर निकालापूर्वीच बंदिवासात वारला. ज्या मंजुरीच्या आधारे यूएपीएखाली अभियोग उभा राहिला, ती मंजुरीच उच्च न्यायालयाने अवैध ठरविली.

आता हा अभियोग राजकीय हेतूने चालविला गेला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण मालेगावच्या २००८ च्या स्फोटातील सात आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी सुटले तेव्हा त्यांच्याही पक्षाने हाच आरोप केला, आणि त्याआधी दहाच दिवस मुंबईच्या लोकल-स्फोटांतील बाराजण उच्च न्यायालयाने सोडले तेव्हा आनंद मानणारे निराळे होते. हेतूची कसोटी मंत्रिमंडळाबरोबर बदलते. म्हणून भरपाईचा हक्क तिच्यावर उभारणे म्हणजे तो सत्तेवर येणाऱ्याच्या मर्जीवर सोडणे होय. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात जिल्हावार विशेष न्यायालयांची शिफारस केली खरी, परंतु दुर्बुद्धी वा सद्भावनेचा अभाव सिद्ध करण्याचा भार तुरुंगातून रित्या हातांनी बाहेर पडलेल्यावरच टाकला. आमचे मत असे, की बंदिवासाच्या काळाची भरपाई केवळ दोषमुक्तीवरून मिळावी, आणि सरकारी कागदांतून कुटिलता दिसल्यास दंडात्मक रक्कम वेगळी द्यावी.

तूर्त सारे खंडपीठाच्या औदार्यावर चालले आहे. निर्दोष ठरूनही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदुल शहास १९८३ मध्ये ३५ हजार रुपये. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांस २०१८ मध्ये ५० लाख. महाराष्ट्रातील भटक्या जमातीच्या सहा जणांस, ज्यांना फाशीच्या छायेतून २०१९ मध्ये सोडण्यात आले, प्रत्येकी ५ लाख. आणि अक्षरधाम खटल्यातून सुटलेल्यांस काहीच नाही. निष्कारण अटकेबद्दल दंडाधिकाऱ्याने देववावयाच्या भरपाईची कमाल मर्यादा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९९ व्या कलमातही एक हजार रुपयेच राहिली आहे. तेवढ्यात हल्ली तळोज्याच्या खेपांचे गाडीभाडेही भागत नाही.

कायदा होईल तेव्हा होवो. तोवर बचावपक्षाच्या वकिलाने अंतिम युक्तिवादात ‘संशयाचा फायदा द्यावा’ एवढेच मागून थांबू नये; मंजुरीच्या आदेशावर, पंचनाम्यावर, पढविलेल्या साक्षीदारावर न्यायालयाने स्पष्ट निष्कर्ष नोंदवावा असा आग्रह धरावा, कारण पुढे दिवाणी दाव्यात त्याच ओळी कामी येतात. दुष्ट हेतूने चालविलेल्या फौजदारीबद्दलच्या दाव्याची मुदत, मुदत कायद्याच्या ७४ व्या अनुच्छेदान्वये, दोषमुक्तीपासून एकच वर्षाची आहे, आणि सरकारविरुद्ध दावा करावयाचा तर त्याआधी दोन महिन्यांची नोटीस हवी. नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा.