हाडे ठिसूळ, मग नवे दात टिकतील?

लहानपणी साधी ठेच लागली तरी हाड मोडायचे. एक प्लॅस्टर निघते न निघते तोच दुसरे. अशा दिवसांतून वाढलेली मुलगी पंचविशीत येते, नोकरीला लागते आणि मग तिला छळतात ते तिचे झिजलेले, तपकिरी दात. चारचौघांत हसू आले की हात आपोआप तोंडाशी जातो. "इम्प्लांट बसवून घे," असे कुणीतरी सुचवते. आईच्या पोटात मात्र गोळा येतो. ज्या हाडांना साधा धक्का सोसत नाही, ती स्क्रू कसा सोसणार?

शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर सरसकट 'नाही' असे नाही.

दोष कोलॅजेनचा

या आजाराचे वैद्यकीय नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. पंधरा ते वीस हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला तो असतो. हाडांना चिवटपणा देणारे कोलॅजेन हे प्रथिन जनुकातील दोषामुळे कमी किंवा सदोष तयार होते. दाताच्या आतला थर, म्हणजे डेंटीन, याच प्रथिनावर उभा असतो. म्हणून काही रुग्णांचे दात निळसर-करडे किंवा तपकिरी दिसतात. वरचे कवच टवके उडून जाते आणि आतला भाग भराभर झिजतो. मुळातील पोकळी बुजून जात असल्याने रूट कॅनाल करणेही कठीण होते. घासण्यात हयगय केल्याने हे होत नाही. तेव्हा मुलांना त्यावरून बोल लावू नये.

इम्प्लांट म्हणजे काय?

हाड टायटॅनियम धातूला घट्ट धरून ठेवते, हे स्वीडनचे डॉ. ब्रॉनेमार्क यांच्या लक्षात आले १९५२ मध्ये, सशांवरील प्रयोगात. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. जबड्यात टायटॅनियमचा छोटा स्क्रू रोवायचा, हाड त्याला धरेपर्यंत काही महिने थांबायचे आणि मग त्यावर दात चढवायचा, अशी ही पद्धत.

ठिसूळ हाडांच्या रुग्णांवरही असे उपचार झाले आहेत आणि बरेचसे यशस्वी ठरले आहेत. मात्र ही संख्या थोडी आहे. त्यामुळे कोणी शंभर टक्के खात्री देत असेल, तर सावध राहावे. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण अठराव्या वर्षापर्यंत, इम्प्लांटची घाई करू नये. पुरेसे हाड आहे की नाही, हे स्कॅन करून पाहावे लागते. हाड स्क्रूला धरायला नेहमीपेक्षा अधिक काळ द्यावा लागू शकतो.

औषध लपवू नका

खरी मेख औषधात आहे. हाडे मोडू नयेत म्हणून अनेक रुग्णांना पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिडची सलाइन दिली जाते. या गटातील औषधे घेणाऱ्या काहींच्या जबड्याची जखम दात काढल्यावर भरत नाही, हाड उघडे पडते, असे २००३ पासून दिसून आले. हा त्रास मुख्यतः मोठे डोस घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये आढळला; ठिसूळ हाडांच्या रुग्णांमध्ये तो फारच विरळा. तरीही ही औषधे हाडात वर्षानुवर्षे राहतात. म्हणून "ते इंजेक्शन तर लहानपणी घेतले होते" असे म्हणून गप्प बसू नये. कोणते औषध, किती वर्षे, शेवटचे कधी, हे कागदावर लिहून दंतवैद्याला द्यावे. औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये; हाडांचे डॉक्टर आणि दंतवैद्य यांनी एकमेकांशी बोलून ते ठरवावे.

दाताच्या खुर्चीत बसतानाही आपला आजार आधी सांगावा. जबडा फार ताणणे, मान जोराने मागे करणे, हाताला हिसका देणे हे सारे टाळले पाहिजे.

दुसरे मार्गही आहेत

मुळे शाबूत असतील तर त्यांवर वेळीच कॅप बसवून दात वाचवता येतात. काढता-घालता येणारी कवळी हाही पर्याय आहे आणि तो स्वस्त पडतो. मूल लहान असतानाच दंतवैद्याकडे नेले, तर झीज रोखून बरेच दात टिकवता येतात.

इम्प्लांट बसवायचेच ठरले, तर पुढे हिरड्यांची निगा रोजची आणि दंतवैद्याची तपासणी नियमित हवी. घाई न करता, काहीही न लपवता पाऊल टाकले, तर तोंडावरचा तो हात एक दिवस खाली येऊ शकतो.