इलियाचे डोळे

गणपती तोंडावर आले की पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या कारखान्यांत रात्रीचा दिवस होतो. रोह्याहून नागोठणे, कासू करत पेणकडे येणाऱ्या गाडीत बोलणे असते ते रंगांचे, ऑर्डरींचे आणि पावसाचे. या धांदलीत १८ ऑगस्ट कधी येतो नि जातो, लक्षातही राहत नाही. १९९८ साली या दिवशी अभिनेत्री पर्सिस खंबाटा मुंबईत हृदयविकाराने गेल्या. पन्नाशी पुरी व्हायला दीड महिना उरला होता. याच आठवड्यात आणखी एक तारीख येते. २० ऑगस्ट १९७७ रोजी व्हॉयेजर-२ हे यान पृथ्वी सोडून निघाले. दोन्ही तारखा शेजारी येणे हा योगायोग आहे. पर्सिस खंबाटा आणि व्हॉयेजर यांच्यातले नाते मात्र योगायोगापलीकडचे आहे, आणि त्यात मराठी मुलखाचाही वाटा आहे. म्हणून या वर्षी गणपतीच्या धांदलीतही या जागेवर त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

'स्टार ट्रेक' ही अंतराळयानातून विश्व धुंडाळणाऱ्या माणसांची गोष्ट १९६६ साली अमेरिकेत दूरचित्रवाणी मालिका म्हणून सुरू झाली. पुढे तिचे चित्रपट निघाले, नव्या मालिका निघाल्या, आणि आज जगातल्या मोठ्या विज्ञानकथामालांमध्ये तिची गणना होते. तिच्यावरचा पहिला चित्रपट ७ डिसेंबर १९७९ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते रॉबर्ट वाइज. त्यात यानाचा मार्ग आखणाऱ्या अधिकारी स्त्रीची, लेफ्टनंट इलियाची, भूमिका मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी केली. पुढच्याच वर्षी त्या ऑस्कर सोहळ्याच्या मंचावर पुरस्कार प्रदान करायला उभ्या राहिल्या. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय नागरिक.

मध्यमवर्गीय पारशी घरातली ही मुलगी. जन्म २ ऑक्टोबर १९४८. शाळकरी वयात साबणाच्या जाहिरातीत चेहरा झळकला, १९६५ मध्ये 'मिस इंडिया'चा किताब मिळाला आणि त्याच वर्षी 'मिस युनिव्हर्स' स्पर्धेत त्या भारतातर्फे गेल्या. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'बंबई रात की बाहों में' या चित्रपटात क्लबात गाणाऱ्या लिलीची भूमिका केली. त्यानंतर हिंदी चित्रपटात त्यांचे पाऊल पुढे पडले नाही. त्या उंच, रेखीव, काहीशा परक्या चेहऱ्याला कुठे बसवावे, हे आपल्या निर्मात्यांना सुचलेच नाही, असे आमचे मत आहे. विलायतेत १९७५ साली दोन चित्रपट मिळाले. 'कंडक्ट अनबिकमिंग'मध्ये त्या ब्रिटिश छावणीतली भारतीय विधवा झाल्या, तर सिडनी पॉटिए आणि मायकेल केन यांच्याबरोबरच्या 'द विल्बी कॉन्स्पिरसी'मध्ये दक्षिण आफ्रिकेतली भारतीय स्त्री. पश्चिमेच्या पडद्यावर भारतीय नटीला भारतीय बाईच व्हावे लागे, तेही कथेच्या कडेला उभे राहून.

ही चौकट पहिल्यांदा मोडली ती विज्ञानकथेने. मूळ बेत नव्या 'स्टार ट्रेक' मालिकेचा होता आणि पर्सिस यांची निवडही मालिकेसाठीच झाली होती. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'ने तिकीटबारी हलवली, मालिकेचा बेत गुंडाळला गेला आणि त्याच संहितेतून मोठा चित्रपट उभा राहिला. मालिकेसाठी लिहिलेले झॉन हे नवे पात्र त्या बदलात गळाले, इलिया टिकली. इलिया डेल्टा नावाच्या ग्रहावरची. तिला साडी नाही, तिचा उच्चार हा विनोदाचा विषय नाही, तिचा देश कुठला हा प्रश्नच कथेत नाही. ती आपल्या जागेवर बसून यान चालवते. तरीही हिशोब पुरा मांडायला हवा. इलियाच्या जमातीच्या स्त्रिया इतक्या मोहक की नोकरीवर रुजू होताना तिला आपल्या ब्रह्मचर्याच्या शपथेची नोंद असल्याचे सांगावे लागते. तेविसाव्या शतकातल्या अधिकारी बाईलाही आधी आपल्या रूपाचा खुलासा द्यायला लावणारी ती संहिता पुरुषांनी लिहिली होती, हे लपत नाही.

आणि मग ते केस. इलियाच्या डोक्यावर केस नसतात, म्हणून पर्सिस यांनी आपले लांब केस उतरवले. त्या प्रसंगाची छायाचित्रे जगभर छापली गेली. वस्तरा फिरताना त्या रडल्या, केस परत आले नाहीत तर काय, या भीतीपोटी विम्याचाही विषय निघाला. आपल्याकडे पर्सिस खंबाटा म्हटले की लोकांना आठवते ते एवढेच. पण मराठी माणसाने त्या छायाचित्रांकडे जरा थांबून पाहावे. भादरलेले डोके असलेली बाई आपल्या घरांत होती. आलवणात, माजघराच्या अंधारात, शुभकार्यात समोर न येणारी. त्या क्रूर चालीविरुद्ध १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनीच विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निर्धार केला होता. ज्या समाजात हे रूप बाईला जिवंतपणी पुसून टाकण्यासाठी होते, त्याच मुंबईतली एक मुलगी नव्वद वर्षांनी ते रूप स्वतःच्या मर्जीने घेते आणि जगातल्या सर्वांत मोठ्या पडद्यावर ताठ मानेने उभी राहते. हॉलिवूडमध्ये कुणाच्या हे ध्यानीमनी नसेल. इथल्या ज्या वाचकांनी आपल्या पणजीची कहाणी घरात ऐकली आहे, त्यांना ते जाणवल्याशिवाय राहणार नाही.

अभिनयाचे म्हणाल तर समीक्षकांनी त्या चित्रपटाला संथ म्हटले, आणि तो संथ आहेच. पण पर्सिस यांच्या वाट्याला आलेले काम सोपे नव्हते. व्हीजर नावाची एक अजस्र शक्ती इलियाला नाहीशी करते आणि तिच्या जागी तिच्यासारखेच दिसणारे यंत्र यानावर पाठवते. म्हणजे आधी स्त्री, मग स्त्रीच्या देहातले यंत्र, आणि नंतर त्या यंत्रात क्षणभर जागी होणारी स्त्रीची आठवण. आवाजात चढउतार नाही, हातवारे नाहीत, केसांची महिरप नाही, दागिना नाही. पेणच्या कारखान्यात मुकुट, शेला, सोंडेवरची नक्षी सगळे झाले तरी डोळ्यांच्या आखणीवाचून मूर्तीत जीव येत नाही, आणि ते काम मुरलेल्या हातालाच दिले जाते. इलियाचेही तसेच आहे. डेकर हा तिचा पूर्वीचा प्रियकर यंत्राला जुन्या गोष्टींची आठवण करून देऊ पाहतो, तेव्हा चेहरा दगडी ठेवून पर्सिस नजर किंचित हलवतात. तेवढ्याने काळजात चर्र होते. विज्ञानकथापटांसाठीच्या सॅटर्न पुरस्काराच्या अभिनेत्रींच्या नामांकनात त्यांचे नाव आले, ते या कामामुळे.

आता व्हॉयेजरकडे येऊ. चित्रपटाच्या अखेरीस उलगडते की व्हीजर म्हणजे व्हॉयेजर-६. माणसांनीच पाठवलेले, शतकांनंतर अफाट ज्ञान गोळा करून आपल्या निर्मात्याला शोधत परतलेले यान. हे सहावे यान लेखकाच्या कल्पनेतले; खरी व्हॉयेजर दोनच. दुसरे आधी, २० ऑगस्ट १९७७ ला निघाले आणि पहिले ५ सप्टेंबरला. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. कधी काळी कुणा परक्या बुद्धिमंतांच्या हाती पडली तर त्यांना पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. तिच्यात ५५ भाषांतली अभिवादने आहेत, त्यांत मराठी आहे. आणि त्यावरच्या संगीतात भारताचे म्हणून एकच गाणे आहे: केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी. गोव्यातल्या केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांकडे तालीम घेतलेल्या या गायिकेने १६ सप्टेंबर १९७७ रोजी देह ठेवला. पहिले व्हॉयेजर निघून तेव्हा अकरा दिवस झाले होते.

खऱ्या व्हॉयेजरवर केरीच्या केसरबाईंचा आवाज आहे. कल्पनेतले व्हॉयेजर परत आले, तेव्हा ते मुंबईच्या पर्सिसच्या मुखाने बोलले. मधले अंतर जेमतेम सव्वादोन वर्षांचे. ही जुळणी कुणी ठरवून केली नव्हती, त्या दोघींचा एकमेकींशी काही संबंधही नव्हता. तरी माणूस विश्वाशी काय बोलेल आणि विश्व माणसाशी काय बोलेल, या दोन्ही बाजूंना आपल्या किनारपट्टीवरच्या दोन बायका उभ्या आहेत. हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेही एकत्र सांगितलेले आमच्या पाहण्यात नाही.

त्याच १९७९ सालच्या मे महिन्यात 'एलियन' हा विज्ञानकथापट आला होता. त्यातली रिप्ली झालेली सिगर्नी वीव्हर पर्सिस यांच्याहून वर्षाने धाकटी. रिप्ली शेवटपर्यंत जिवंत राहिली, म्हणून नटी परत आली: १९८६, १९९२, १९९७. दुसऱ्या भागाने तिला ऑस्करचे नामांकन दिले, पुढे 'अवतार'ही मिळाला. इलिया मात्र पहिल्याच चित्रपटात डेकरसह प्रकाशात विलीन झाली. कथामालेत नटीची कारकीर्द घडते ती पात्र परत येण्याने, आणि इलियाला परतीची वाट ठेवलीच नव्हती. १९८७ च्या नव्या 'स्टार ट्रेक' मालिकेत रायकर आणि ट्रॉय ही जोडी डेकर-इलियाच्या साच्यावरच बेतली गेली. म्हणजे साचा पुढे गेला, पर्सिस मागे राहिल्या. दोघींमध्ये गुणांचे अंतर किती होते, हा वाद घालता येईल. संधीचे अंतर मात्र उघड दिसते.

'नाइटहॉक्स'मध्ये पर्सिस सिल्व्हेस्टर स्टॅलोनसमोर दहशतवादी झाल्या. मग 'मेगाफोर्स' आणि 'वॉरियर ऑफ द लॉस्ट वर्ल्ड' असे दुय्यम भविष्यपट. १९८० मध्ये जर्मनीत मोटारीचा भीषण अपघात झाला आणि १९८३ मध्ये हृदयावर बायपास करावी लागली, वयाच्या पस्तिशीच्या आत. त्याही स्थितीत त्या काम शोधत राहिल्या. १९९३ मध्ये सुपरमॅनच्या 'लोइस अँड क्लार्क' मालिकेच्या पहिल्या भागात दिसल्या. १९९७ मध्ये 'प्राइड ऑफ इंडिया' हे 'मिस इंडिया' विजेत्यांवरचे देखणे पुस्तक काढून त्यांनी ते मदर तेरेसांना अर्पण केले. वर्षभराने त्या गेल्या.

त्यांच्या मायभूमीत विज्ञानकथेचा दुष्काळ पडला होता असेही नाही. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. त्यांच्यामागून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी मराठी विज्ञानकथा घराघरांतल्या दिवाळी अंकांत पोचवली. इतके समृद्ध लेखन हाती असलेल्या भाषेत विज्ञानकथापट मात्र बोटांवर मोजण्याइतके. सुजय डहाके यांनी २०१६ मध्ये केतकी माटेगावकरला घेऊन 'फुंतरू' केला, हिंदीत आरती कडव यांनी 'कार्गो'मध्ये मृतांना पुनर्जन्मासाठी तयार करणारे यान उभारले. धाडसी कामे, पण एकटीदुकटी. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळ, नितीन देसाईंनी भव्य स्टुडिओ उभा केला आणि त्याची ओळख झाली ती महाल-गडांच्या सेटांमुळे. इतिहास हवाच, या जिल्ह्याला तो कुणी शिकवायला नको. पण भविष्याचा सेट लावण्याइतकी कारागिरी याच जिल्ह्यातल्या हातांत आहे. शाडूपासून फायबरपर्यंत सगळी माध्यमे हाताळणारे मूर्तिकार पेण-हमरापुरात शेकड्यांनी आहेत.

म्हणून दोन गोष्टी मागतो. पेण, नागोठणे, रोहा येथील महाविद्यालयांनी ऑगस्टच्या या आठवड्यात पर्सिस खंबाटा यांचा 'स्टार ट्रेक' विद्यार्थ्यांना दाखवावा आणि त्याला जोडून केसरबाईंची ती भैरवी ऐकवावी. पेणच्या गाडीने रोज शिकायला येणाऱ्या कासूच्या मुलींपैकी कुणाला उद्या कॅमेऱ्यामागे किंवा पुढे उभे राहायचे असेल, तर तिला या दोघींची नावे माहीत असायला हवीत. दुसरी मागणी राज्य सरकारकडे. मराठी चित्रपटांना अनुदान मिळते. त्यात विज्ञानकथापटांचा खर्च लक्षात घेऊन त्यांच्यासाठी वेगळी तरतूद करावी, आणि पहिली निवड नारळीकर-लोंढे-फोंडके यांच्या कथांतून व्हावी.