पंथ परका, पोथी आपली

आमच्या भाचीने मराठीत एम.ए. केले आणि पुढच्या संशोधनासाठी विषय निवडला तो जेझुइट संघाच्या आध्यात्मिक आणि वैचारिक परंपरेचा. घरात एकच गलका उडाला. ‘नोकरी कुठे मिळणार?’ हा तिच्या वडिलांचा प्रश्न. आमच्या मातोश्रींची काळजी निराळी : ‘पोर नन तर होणार नाही ना रे?’ मी भाचीची बाजू घेतली. आज वाचकांपुढेही घेतो आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यास आला आणि 1619 साली मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली साष्टीतील राचोल येथे छापले गेले. लिपी रोमन, भाषा मराठी, ओव्या जवळजवळ अकरा हजार! त्यातली मराठीची थोरवी गाणारी चार कडवी आपल्याला भाषादिनी हमखास आठवतात. उरलेल्या हजारो ओव्यांचे काय?

त्या ओव्यांमागे एक पंथ उभा आहे. पूर्वाश्रमीचा सैनिक इग्नेशियस लोयोला याने स्थापन केलेल्या या संघाला 1540 साली पोपची मान्यता मिळाली. त्याने सांगितलेल्या साधनेत ख्रिस्तचरित्रातला प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा असतो. ती वाट, ते घर पाहायचे, माणसांचे बोलणे ऐकायचे. हे ठाऊक असले म्हणजे स्टीफन्सची वर्णने वाचताना ‘हा अलंकार की ध्यान?’ असा प्रश्न सुचतो. 1599 साली संघाने आपल्या विद्यालयांसाठी शिक्षणक्रम ठरवून दिला. त्यात आधी भाषा आणि वक्तृत्व, मग तत्त्वज्ञान, शेवटी धर्मशास्त्र असा क्रम होता. भाषेला इतका मान देणाऱ्या पंथातल्या माणसाने ओवी आपलीशी करावी आणि कोकणीचे व्याकरणही लिहावे, यात मग नवल वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, गोव्यात देवळे पाडली गेली, 1560 पासून इन्क्विझिशन आले, ते विसरायचे का? मुळीच नाही. 1583 साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि पोर्तुगीजांनी त्याचा सूड गावकऱ्यांवर उगवला. त्याच वर्षी स्टीफन्सने गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांचे ग्रीक-लॅटिनशी साम्य नोंदवले आहे. विद्वत्ता आणि सत्ता अशा एकाच अंगणात नांदत होत्या. सेमिनरीत या परंपरेचा अभ्यास होतो तो तिच्यात राहण्यासाठी. सभेत तिचा उल्लेख होतो तो गौरवासाठी नाही तर निषेधासाठी. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचण्याची जागा एकच, ती म्हणजे विद्यापीठ.

आपल्याला हे नवीन नाही. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत बंद होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या अभ्यासकांना खुल्या झाल्या. आज ‘लीळाचरित्र’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ‘दीक्षा घेणार का?’ असे कुणी विचारत नाही. मग जेझुइटांनाच वेगळा न्याय का?

अमेरिकेत बोस्टन कॉलेजात या परंपरेच्या अभ्यासासाठी खास संस्था आहे. आपल्याकडे मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये 1926 साली निघालेली हेरास संस्था आहे, पुण्यात ज्ञानदीप विद्यापीठ आहे. एखाद्या मराठी विभागाने त्यांना सोबत घेऊन एक अभ्यासपत्रिका सुरू करावी आणि पोर्तुगीज, लॅटिन शिकवण्याची सोय करावी. या दोन भाषांवाचून आपले संशोधक दाराशीच थांबतात. नोकरीची हमी मी देऊ शकत नाही. पण आपल्याच भाषेतला एवढा मोठा ग्रंथ परक्यांनी समजावून सांगेपर्यंत वाट पाहणे मला बरे वाटत नाही.

भाचीने पोर्तुगीजची शिकवणी लावली आहे. परवा मातोश्रींनी तिला हाक मारली, ‘अगं, त्या पाद्रीबुवांच्या ओव्या म्हणून दाखव बघू.’ जपमाळ हातात धरून त्या अर्धा तास ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘ओवी आपलीच आहे गं. पण आता याचा अर्थ नीट समजावून सांग.’