परमुलखातला गुत्ता

आपल्याकडच्या कित्येक घरांतील मुले आज परदेशी कामांवर आहेत. तेव्हा परमुलखातला गुत्ता हाती येऊन कसा निसटतो, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

शमशाबादचा विमानतळ 2008 साली सुरू झाला. तो उभारणाऱ्या जीएमआर समूहाने 2010 साली मलेशियाच्या विमानतळ कंपनीला सोबत घेऊन मालदीवमधील मालेच्या विमानतळाचे काम मिळवले. खर्च सुमारे 51 कोटी डॉलर, मुदत 25 वर्षे. निविदेच्या कामी सल्लागार जागतिक बँक गटातील संस्था. कागदोपत्री उणे असे काही दिसत नव्हते.

हिशेब बिघडला तो कागदाबाहेर. परदेशी निघणाऱ्या प्रवाशामागे 25 डॉलर घेण्याचे ठरले होते. 2011च्या अखेरीस तिथल्या न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. फेब्रुवारी 2012 मध्ये राष्ट्राध्यक्ष महंमद नशीद पायउतार झाले आणि नोव्हेंबरात नव्या सरकारने करारच मोडला. सिंगापूरच्या लवादाने 2014 साली करार वैध ठरवला, 2016 साली सुमारे 27 कोटी डॉलर भरपाई देवविली. पैसा आला, विमानतळ गेला तो गेलाच. पुढे तिथली नवी धावपट्टी चिनी कंपनीने बांधली.

‘चिमुकल्या देशाने दगा दिला’ एवढे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. हैदराबादनेही ही दुसरी बाजू पाहिलेली आहे. निजामाच्या राज्यातील खाणींचा मक्ता 1886 साली लंडनच्या कंपनीकडे गेला. त्या व्यवहाराचा इतका बोभाटा झाला, की 1888 साली ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या जमिनीचा सौदा परके करतात, हा सल आपल्याला समजायला हवा.

निविदेत सिमेंट, पोलाद, व्याज यांचे रकाने असतात. तिथला विरोधी पक्ष, न्यायालय आणि बड्या शेजाऱ्यांची चढाओढ यांना रकाना नसतो. माझे म्हणणे इतकेच, की दर भरण्यापूर्वी तो रकाना भरावा. लोकांच्या खिशातून जाणारा पैसा तिथल्या कायदेमंडळाकडून आधी मंजूर करून घ्यावा, विरोधकांशीही बोलून ठेवावे. सही आजच्या राज्यकर्त्याची असते. करार पाळायचा असतो तो उद्याच्याने.