उमेदवारी की वेठबिगारी?

पदवी घेऊन दारोदार फिरणाऱ्या तरुणाला पहिला प्रश्न विचारला जातो तो अनुभवाचा. नोकरीवाचून अनुभव नाही आणि अनुभवावाचून नोकरी नाही, या दुष्टचक्रावरचा रामबाण उपाय म्हणून ‘इंटर्नशिप’चा सध्या मोठा गाजावाजा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने अनुभवाधिष्ठित शिक्षणावर भर दिला. महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला ४ श्रेयांकही मिळाले. हेतू स्तुत्यच आहे. परंतु व्यवहाराचे काय?

व्यवहार असा, की अनुभवाच्या नावाखाली अनेक आस्थापना विद्यार्थ्यांना फुकट राबवून घेतात. आमची वृत्तपत्रसृष्टीही याला अपवाद नाही. दिवसभर बातम्या लिहिणाऱ्या मुलांच्या पदरात अखेरीस पडतो तो कागदी दाखला! ‘अनुभव हाच मोबदला’ असे वर त्याचे समर्थन. पण या मोबदल्यावर मुंबईत खाटेचे भाडे भरता येते काय? ज्याचे घर दादरला आहे, तो सहा महिने विनावेतन काम करू शकेल; गडचिरोलीच्या शेतमजुराच्या मुलाने काय करावे? गुणवत्ता असूनही तो पहिल्याच पायरीवर बाद होतो. विनावेतन अनुभव म्हणजे सुस्थितांसाठी ठेवलेली राखीव जागाच होय.

वर्ग आणि कारखाना यांची सांगड घालण्याचा प्रयोग हर्मन श्नायडर यांनी अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली सुरू केला, तेव्हा कारखान्यात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना वेतन मिळत होते. इतके दूर तरी कशाला जावे? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत श्रमातूनच गरिबाचे शिक्षण उभे राहिले. आज श्रम विद्यार्थ्याचे आणि कमाई मालकाची, असा उलटा न्याय सुरू आहे.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन बंधनकारक केले. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही त्याचे दार उघडले. मात्र ‘इंटर्न’ असे नाव दिले, की या कायद्याला सहज बगल देता येते. २०२४ साली जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा ५,००० रुपये ठरले. त्यांपैकी ४,५०० शासनाचे आणि बड्या कंपन्यांच्या वाट्याला अवघे ५००! तयार मनुष्यबळ हवे, पण ते घडविण्याचा भार नको, ही उद्योगजगताची वृत्ती शासनाने किती काळ जोपासायची?

विद्यापीठांनी आता ठाम भूमिका घेतली पाहिजे. जेथे विद्यावेतन नाही, शिकविणारा जबाबदार माणूस नाही आणि काय शिकविणार याचा लेखी आराखडा नाही, त्या कामाला एकही श्रेयांक देऊ नये. ‘उमेदवार’ या शब्दात ‘उमेद’ आहे. ती उमेदच फुकटात विकत घेऊ पाहणाऱ्यांना शिक्षणाचे भागीदार म्हणून मिरवण्याचा अधिकार नाही.